बारा गाड्या, एक जू

पहिली गाडी

रुपचंद आबा उभ्या जन्मात एकदाही हरले नव्हते, आणि ही गोष्ट गावातल्या प्रत्येक माणसाने त्यांच्याच तोंडून निदान एकदा तरी ऐकलेली होती. शाळेत संगीत खुर्ची. पुढे कबड्डी. चाळीसगावच्या शेतकी प्रदर्शनात सगळ्यांत मोठं वांगं. हिवाळ्यातल्या भरीत पार्टीत सगळ्यांत जास्त कळण्याच्या भाकरी. जिथे स्पर्धा नव्हती तिथेही आबा पहिले येत. पंगतीत पहिलं पान, एसटीत पहिली खिडकी, मयतीला पहिला खांदा.

घरात फडताळावर कपांची रांग होती. सुनंदाबाई दर दिवाळीला ते राखेने घासायच्या आणि दर दिवाळीला तेच बोलायच्या.

"इतला कप शेतस घरमा, पन एकमाबी चहा पिता येत नही. बठ्ठासना बूडले भोक!"

"ते पिवाना कप नहीत," आबा म्हणायचे. "ते जिंकाना कप शेतस."

"तेच म्हनी राह्यनू मी. भोक शे."

आता फक्त एक गोष्ट जिंकायची राहिली होती. भोकरझिरे ग्रामपंचायतीची सरपंचाची खुर्ची.

दुसरी गाडी

सदस्य नऊ. निवडणूक झाली, गुलाल धुतला गेला, आणि हिशेब असा निघाला: आबा धरून चार आबांचे, नाना धरून चार अभिमन नानांचे.

अभिमन नाना एसटीत कंडक्टर होते. धुळे आगारातून निवृत्त झाले, पण कंडक्टरकी काही गेली नाही. गावात कोणी त्यांच्या ओट्यावर टेकला तरी नाना असे बघत, की माणूस आपोआप खिसा चाचपायला लागे. शिट्टी अजून गळ्यात. नाना कोणाला आवडत नसत. पण त्यांचे बाकीचे तिन्ही सदस्य भाऊबंद होते, आणि रक्ताच्या नात्याला औषध नाही.

राहिली नववी. झुंबरबाई. बायकांच्या राखीव जागा तेव्हा नव्याने आल्या होत्या. बाजारात फुटाणे-शेंगदाणे विकणाऱ्या झुंबरबाईने एका जागेसाठी अर्ज भरला. आबांना वाटलं, नानांनी उभी केली. नानांना वाटलं, आबांनी. दोघांनीही "पडेल आपोआप" म्हणून तिकडे माणूसच दिला नाही. झुंबरबाई बिनविरोध आली. आता दोघांनाही वाटत होतं की ती मनातून आपलीच.

झुंबरबाईने कोणालाच काही सांगितलं नव्हतं. विचारलं की ती मूठभर फुटाणे हातावर ठेवायची. आबांनी त्या पंधरवड्यात इतके फुटाणे खाल्ले, की रात्री पोट धरून बसायची वेळ आली.

तिसरी गाडी

आता बारा गाड्यांचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मरीमायच्या यात्रेत आपल्याकडे बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात. बैल एकाही गाडीला नाही. गाड्यांत माणसं बसतात, आणि भगत पहिल्या गाडीचं जू खांद्यावर घेऊन त्या ओढतो. भोकरझिऱ्यात मरीमायच्या ओट्यापासून नदीपर्यंत. मधल्या चिंचेपर्यंत रस्ता सपाट, पुढे उतार. दिवस मावळायच्या आत गाड्या नदीला टेकल्या पाहिजेत, नाहीतर वरीस वाईट जातं, असं सगळेच म्हणत. ज्यांचा विश्वास नव्हता तेही, उगाच कशाला परीक्षा, म्हणून मागून हात लावायचे.

लोटन भगताने वीस-बावीस वर्षं गाड्या ओढल्या होत्या. त्या साली त्याचं अंतर्गळाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पाण्याची घागरसुद्धा उचलायची नाही. मग गाड्या कोण ओढणार? पारावर हा घोळ चालू असताना झुंबरबाई फुटाण्याची पाटी डोक्यावर घेऊन तिथून निघाली होती. ती थांबली आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"हाई आबा शेतस, ते नाना शेतस. दोन्हीसले गाव ओढानं शे ना? मंग पहिले गाड्या ओढी दखाडा. जो नदीवर लयी जाई, त्याले मन्हा हात."

आबांनी लगेच मिशीला पीळ दिला. नानांनी शिट्टी चाचपली. पारासमोरच्या घरातून लोटन खाटेवरूनच म्हणाला, "मरीमायले फरक पडत नही. तुमना खांदासले पडी."

चौथी गाडी (भोंग्यावरून)

"हॅलो... हॅलो... माईक टेस्टिंग... तमाम भक्तमंडळींना कळविण्यात येते की, आज दुपारनंतर मरीमायच्या बारा गाड्या ओढण्याचा कार्यक्रम होईल. प्रथम मान रुपचंद आबा यांचा, कारण त्यांनी तो मागून घेतलेला आहे... त्यांना न जमल्यास अभिमन नाना. परीक्षक झुंबरबाई पहिल्या गाडीत बसतील, त्यांचे गुडघे दुखतात... ज्या कोणाची तपकिरी शेळी आकाशपाळण्याच्या खाली बांधली आहे, त्यांनी ती घेऊन जावी... हॅलो..."

पाचवी गाडी (ही भरलेली आहे)

आबांनी आदल्या दिवसापासून निरोप फिरवला होता: बठ्ठा या, सगळेच्या सगळे. बारा गाड्या अशा भरल्या पाहिजेत की धुळ्याहून येणाऱ्या पाव्हण्यांनाही कळावं, गाव कोणामागे आहे.

गाव आलं. भिका आला. भिका म्हणजे आबांचा उजवा हात, वजनाने दोन्ही हात आणि एक पाय. भिकाची भावकी आली. कापसाच्या जिनातले हमाल आले, आणि हमालांना तर बसायची इतकी कमी सवय, की ते एकमेकांच्या मांडीवर बसले. आबांनी ज्यांच्या पोराला नोकरीचा शब्द दिला होता ते आले, ज्यांना विहिरीचा दिला होता ते आले, ज्यांना दोन्हींचा दिला होता ते बायकोसह आले. भागाबाई नातवंडं घेऊन आली, नातवंडं टरबुजं घेऊन आली. गाड्यांच्या साट्या भरल्या, मग माणसं दांड्यांवर बसली, मग चाकांच्या वर लोंबकळली. बाराव्या गाडीत तर कोणीतरी आखाजीचा झोका बांधायचा प्रयत्न करत होतं.

"आबा, मांगे दखा!" भिका ओरडला. "बठ्ठं गाव शे!"

आबांनी मागे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं. एवढी माणसं! एवढं प्रेम! पहिल्या गाडीच्या तोंडाशी झुंबरबाई पाय लोंबकळत सोडून बसली होती, मांडीवर फुटाण्याची पुडी.

हलगी वाजली. भंडारा उधळला. आबांनी मरीमायचं नाव घेतलं, जू खांद्यावर घेतलं, पाय रोवले आणि ओढलं.

सहावी गाडी (नुसते आवाज)

"चालनी का?"

"नही."

"आबा, जोर लावा!"

"लावी राह्यनू ना रे! थोडा जनं खाले उतरा!"

"उतरा रे! आबा सांगी राह्यनात!"

"तू उतर."

"मी काबर उतरू? मी आबाना खास माणूस शे."

"मंग मी काय नानाना शे?"

"मी उतरनू तं लोके म्हनतीन, जिनवाला फुटनात."

"भिका, तू उतर! तू एकलाच चार जनासना शे!"

"आबा, मी? मी उतरू? अहो, भिकाच उतरना तं मंग मांगे राही कोन?"

"भागाबाई, तुम्ही तरी!"

"मन्हा पोऱ्याना नोकरीनं व्हवू द्या, मंग उतरस."

"अरे, तुमना पाया पडस, उतरा!"

"दखा, दखा! आबा आपला पाया पडी राह्यनात! इतला मोठा माणूस! बसा रे, कोनी हालू नका!"

सातवी गाडी

हलली नाही.

आठवी गाडी (रिकामी)

आबांच्या खांद्याची साल निघाली, पण चाक बोटभरही फिरलं नाही. झुंबरबाईने मान हलवली. भोंग्याने सांगितलं, आता अभिमन नाना.

आणि मगाशी जे हातापाया पडूनही उतरत नव्हते, ते नानांचं नाव ऐकताच पटापट उड्या मारून खाली आले. नानांच्या गाडीत कोण बसणार? खाली उतरून सगळे आबांभोवती गोळा झाले आणि म्हणाले, "आबा, आम्ही शेवटपावत सोडं नही तुमले."

"तेच तं," आबा म्हणाले.

नानांचे तिन्ही सदस्य, म्हणजे सख्खे चुलत भाऊ, मोठ्या ऐटीत पहिल्या गाडीवर चढायला गेले. नानांनी शिट्टी फुंकली.

"जागा नाही!"

"अरे अभिमन, बठ्ठी गाडी रिकामी शे!"

"मागून दुसरी येतेय, तिच्यात बसा," नाना सवयीने म्हणाले. भाऊ तोंड फुगवून बाजूला झाले.

बारा गाड्यांत एकटी झुंबरबाई. तिला उतरवायची हिंमत नानांना झाली नाही, तिचं वजनही नव्हतं फार. नानांनी जू घेतलं, दोनदा शिट्टी मारली, आणि गाड्या चालायला लागल्या. अगदी सहज. करकर करत, एकामागे एक, जणू रिकामी एसटी आगाराला परत निघाली.

आबा बघत राहिले. पोटात काहीतरी हललं. आधी त्यांना वाटलं फुटाणे असतील. मग लक्षात आलं, हे वेगळं आहे. हे ते, जे बाकीच्या लोकांना होत असतं. कबड्डीत आबांनी पाय धरून पाडलेल्या पिंप्रीच्या एका पोराचा चेहरा तीस वर्षांनी डोळ्यांसमोर आला. त्या पोराला हेच झालं असेल.

युक्ती तर साधी होती: कोणाला बसू द्यायचं नाही. पण आबांना ती सुचली असती तरी त्यांच्या तोंडून निघाली नसती. "बसू नका" हे दोन शब्द त्यांनी आयुष्यात कोणाला म्हटले नव्हते. म्हणून तर गर्दी होती.

गाड्या चिंचेजवळ पोचल्या. चिंच ओलांडली की उतार, आणि उताराला लागल्या की संपलंच.

"भिका," आबा हळूच म्हणाले. "चढा."

"कोठे?"

"नानाना गाडीसवर. बठ्ठा!"

नववी गाडी (हिच्यात गोंधळ आहे)

भिका समजला. भिका समजला की सगळे समजत. मागून, बाजूने, चालत्या गाड्यांवर माणसं चढली. हमाल, भावकी, भागाबाई, टरबुजं. चिंचेखाली बारा गाड्या कुरकुरल्या आणि जागच्या जागी थांबल्या. नानांचे डोळे बाहेर आले.

आबा हसले. आणि तेवढ्यात चिंचेवर बांधलेला भोंगा बोलला.

"हॅलो... भक्तमंडळी, अपूर्व दृश्य! अभिमन नानांच्या गाड्यांना अलोट गर्दी! सगळं गाव नानांमागे! रुपचंद आबा एकटेच उभे आहेत... हॅलो..."

आबांचं हसू मिशीतच अडकलं. त्यांनी वर बघितलं. खरंच, एकटेच उभे होते.

"उतरा!" ते किंचाळले. "भिका, उतरा रे!"

"आबा, तुम्हीच तं म्हनात चढा!"

"आते म्हनस उतरा!"

निम्मे उतरले. गाड्या वीतभर पुढे सरकल्या. "चढा, चढा!" आबा ओरडले. उतरलेले चढले, चढलेले उतरले, त्या गोंधळात नानांचे रुसलेले भाऊही चढले. नाना जू खांद्यावर घेऊनच मागे वळले आणि जीव खाऊन शिट्टी फुंकायला लागले. "पुढे सरका! दारात उभं राहू नका! सुट्टे पैसे काढा!" एका पाव्हण्याने तर खरंच चार आणे काढले.

शेवटी कोणालाच कळेना आपण कुठल्या पक्षात आहोत, आणि कळत नसेल तर बसून राहणं बरं, म्हणून सगळे बसून राहिले.

दिवस खाली कलला होता. म्हातारी माणसं कुजबुजायला लागली. गाड्या मध्येच अडल्या, असं भोकरझिऱ्यात कधी झालं नव्हतं. हलगी गप्प. सगळ्या गर्दीत एकच आवाज: झुंबरबाई फुटाणा फोडत होती.

"मन्ही म्हैसनं दूध काढानं राही गयं," ती म्हणाली. मग खाली जुवाकडे पाहून, कोणाकडेच न पाहता, "जूले दोन बाजू ऱ्हातस ना रे? का आते नवीन एकबाजूना निघनात?"

दहावी गाडी (उताराला लागलेली)

नाना आपली बाजू सोडायला तयार नव्हते. सोडली तर हरले. आबांनी विचार केला: गाड्या इथेच राहिल्या तर लोक विचारतील, कोणाच्या माणसांनी अडवल्या? आणि इथून पुढे आपण ओढल्या, तर नदीवर कोणी नेल्या?

ते धोतर खोचून जुवाच्या डाव्या बाजूला शिरले.

"मी तुले मदत नही करी राह्यनू," आबा म्हणाले.

"मीही मागितली नाही," नाना म्हणाले.

दोघांनी ओढलं. गाड्या चरचरल्या. मागून म्हाताऱ्यांनी हात लावले. चाक फिरलं. चिंच मागे पडली. आणि मग उतार.

उतारावर भरलेल्या बारा गाड्या ओढाव्या लागत नाहीत. त्यांच्यापुढे पळावं लागतं. दोघं पळायला लागले. इथपर्यंत ठीक होतं. पण आबांना दिसलं, नानांचा पाय वीतभर पुढे आहे. त्यांनी वेग वाढवला. नानांना दिसलं, आबांचा खांदा पुढे गेला. त्यांनी वाढवला. एकाच जुवाखाली दोघांची शर्यत लागली. आबा पुढे झाले की गाड्या नानांच्या अंगावर वळत, नाना पुढे झाले की आबांच्या बाजूच्या बाभळीकडे. मागे बारा गाड्यांची शेपटी नागासारखी सळसळत होती, टरबुजं रस्त्यावर फुटत होती, आणि गाड्यांतली सगळी माणसं, दोन्ही पक्षांची, एकाच सुरात बोंबलत होती.

"हौ! हौ!" पहिल्या गाडीतून झुंबरबाईचा आवाज आला. "ए डाव्या, हळू! उजव्या, तोंड सरळ ठेव! डाव्या, तुले सांगी राह्यनू!"

आबांना आयुष्यात आबा म्हणत, भाऊ म्हणत, रुपचंद शेठ म्हणत. डावा म्हणून हाक पहिल्यांदाच आली. आणि गंमत अशी, की ते हळू झाले. उजवाही सरळ झाला. गाड्या रस्त्याला लागल्या, आणि नदीच्या रेतीत रुतून, एकमेकींना धडकून थांबल्या. जुवाखालचे दोघे तोंडावर पाण्यात पडले.

दिवस तेव्हा टेकाडामागे जात होता. हलगी अशी वाजली, की बाजूच्या गावाला वाटलं इथे लग्न आहे.

"मन्हा हात पहिले पानीमा गया!" आबा पाण्यातूनच म्हणाले.

"माझं नाक आधी," नाना म्हणाले. नाकातून रक्त येत होतं, त्यामुळे पुरावा होता.

झुंबरबाई लुगडं सावरत उतरली, दोघांच्या हातावर चिमूटभर फुटाणे ठेवले आणि म्हशीकडे गेली.

अकरावी गाडी

तिसऱ्या दिवशी तालुक्याचा अधिकारी सरपंच निवडीची बैठक घ्यायला आला. पंचायतीच्या खोलीत नऊ सदस्य. खिडकीबाहेर उरलेलं गाव.

"अक्का," आबांनी थेट विचारलं, "हात कोनले?"

"दोन्हीसनी ओढं," झुंबरबाई म्हणाली. "मन्हा हात एक शे. चिरता येत नही. मी तो खालेच ठेवस."

"मग चार-चार," अधिकारी म्हणाला. "समान मतं पडली तर चिठ्ठी टाकू. एक लहान मूल बोलवा."

चिठ्ठी! आबांच्या अंगावर काटा आला. चिठ्ठी भरीत खात नाही, कबड्डी खेळत नाही, चिठ्ठीला आबा कोण ते ठाऊक नाही. नानांची निघाली तर? मग पाच वर्षं ह्या कंडक्टरला "सरपंच साहेब" म्हणायचं? नळाचं पाणी मागायचं त्याच्याकडे, आणि तो म्हणणार, मागून दुसरा येतोय?

खांदा अजून ठणकत होता. आबांनी समोर पाहिलं. नानाही कपाळाचा घाम पुसत होते, नाकाला पट्टी.

आबा उठले. "साहेब, मन्हं नाव मांगे."

खिडकीबाहेर भिकाचा "अयाया" ऐकू आला.

"सरपंचले मी झुंबरबाईनं नाव सुचाडस. आमना चार, आनि पाचवा हात तिना सोताना."

आबा खाली बसले आणि नानांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आयुष्यात इतकी मजा त्यांना कप घेतानाही आली नव्हती. नाना ओठ हलवत मोजत होते, तिकिटं मोजावीत तसे. पाच विरुद्ध चार. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. पैसे तेवढेच.

मग नानाही उठले. "माझंही नाव मागे. झुंबरबाईला अनुमोदन माझं. लिहून घ्या, अनुमोदन माझं!"

अधिकाऱ्याने दोघांकडे कौतुकाने पाहिलं. असा त्याग त्याने त्या तालुक्यात पाहिला नव्हता. त्याने छोटंसं भाषणही केलं. तेवढ्यात झुंबरबाई खुर्चीत बसली, खुर्ची थोडी पुढे ओढली, आणि म्हणाली, "पहिला विषय, चिंचेपासून नदीपर्यंतना रस्ता. डाव्या, तू खडी दख. उजव्या, तू मातीना पाट्या. आनि रोज खांद्याले तेल लावा, पुढली आखाजी लांब नही."

बारावी गाडी

आबा घरी आले तेव्हा सुनंदाबाई चहा गाळत होत्या. गुलाल आबांच्या टोपीवर होता, कानात होता, थोडा मिशीत.

"काय जिंकनात?"

"अभिमन हारना," आबा म्हणाले.

"आनि तुम्ही?"

"मी कोठे हारनू? मी तं सोताहून नाव मांगे लिधं."

"नानाबी घर जाईसन हाईच सांगी राह्यना व्हई."

आबांना हे सुचलं नव्हतं. ते पाटावर बसले. फडताळावरचे कप एका ओळीत चमकत होते, बुडाला भोकं असलेले. सुनंदाबाईंनी साध्या कपबशीत चहा ओतून पुढे सरकवला. आबांनी बशीत ओतला, फुंकर मारली, आणि फुरका घेता घेता थांबले.

"मंग जिंकनं कोन?" सुनंदाबाईंनी विचारलं. "झुंबर?"

आबांनी बशी खाली ठेवली. खांदा चोळत फडताळाकडे पाहिलं.

"ती कशी जिंकी?" ते म्हणाले. "ती तं खेळतच नव्हती."